पूरक आहार झालेले संप्रेरक

मेलाटोनिनचा शोध लागला तो झोपेमुळे नव्हे, त्वचेमुळे. १९१७ मध्ये मॅककॉर्ड आणि ॲलन यांनी गुरांच्या पिनिअल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला, तेव्हा त्यांची कातडी फिकी पडली. कोडावर उपाय सापडेल या आशेने येलचे त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी हजारो ग्रंथींमधून १९५८ मध्ये ते द्रव्य वेगळे केले. झोपेशी त्याचे नाते पुढे उलगडले. अमेरिकेत ते किराणा दुकानापर्यंत पोहोचले, ते मात्र १९९४ च्या पूरक आहार कायद्यामुळे: विक्रीपूर्वी परिणाम आणि सुरक्षितता सिद्ध करण्याची सक्ती नाही. ब्रिटनमध्ये त्यालाच डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

मेलाटोनिनच्या गोळ्यांमुळे तरुणांमध्ये पक्षाघाताचा धोका वाढतो का, हा प्रश्न इथेच अडतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये मेलाटोनिन मेंदूची हानी कमी करते. पण वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्या तरुणांच्या रक्तवाहिन्यांचे काय होते, हे तपासायला कायद्याने कुणाला भागच पाडले नाही. गोळीलाच दोषी धरणेही अन्यायाचे आहे, कारण निद्रानाश, झोपेतला श्वासरोध आणि उच्च रक्तदाब हे स्वतःच पक्षाघाताशी जोडलेले आहेत. ‘शरीरच ते बनवते, मग भीती कसली?’ असे विचारले जाते. इन्सुलिनही शरीरच बनवते, तरी ते कुणी मोजल्याविना घेत नाही. एमआयटीतील संशोधक वर्टमन यांच्या अभ्यासात झोपेसाठी ०.३ मिलिग्रॅम मेलाटोनिन पुरेसे ठरले होते. बाजारात १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास मिळतात. २०१७ च्या कॅनडातील तपासणीत तर प्रत्यक्ष प्रमाण वेष्टनावरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्क्यांनी कमी ते ४७८ टक्क्यांनी जास्त निघाले.