पडद्यावरचा वर्ग आणि त्याचे दार



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला विहाराच्या अभ्यासवर्गाबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या. अभ्यासवर्गाचा इतिहास म्हटला की शिकविणाऱ्यांची नावे, दहावीला किती मुले बसली, किती पास झाली, असे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते सर्व अहवालात येईलच. मला मात्र वेगळ्याच गोष्टीचा इतिहास सांगायचा आहे. २०२० साली टाळेबंदीत आपला वर्ग मोबाईलवर गेला, वर्गाचे व्हिडिओ इंटरनेटवर चढवून मुलांना खाजगी लिंक पाठविण्यात आली, आणि त्यावरून आपल्यात जो वाद झाला तो अनेकांच्या स्मरणात असेल. कोणी म्हणाले, शिकवणे ही काय लपविण्याची वस्तू आहे? सर्वांना बघू द्या. काही आया म्हणाल्या, आमच्या पोरी जगाला दाखवायला पाठवतो का आम्ही? बोलता बोलता गोष्ट हमरीतुमरीवर गेली. मी त्यावेळी कार्यकारिणीत होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. गिरणी बंद पडलेली, हाताला काम नाही, म्हणून मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा ध्यानात आले की हा वाद आपल्या विहारात जन्मलेला नाही.

आपल्या देशात पडद्यावरचा वर्ग मोठ्या प्रमाणावर खेड्यात गेला तो १ ऑगस्ट १९७५ रोजी. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी उसना मिळाला होता. त्याच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत टी.व्ही. संच बसविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम आणि संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी शेती, आरोग्य वगैरे. संच एखाद्याच्या माडीवर नव्हे, तर शाळेसारख्या सार्वजनिक जागी ठेवायचा होता. असे का, हे आपल्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर कॉलेजच्या मुलांसाठी दुपारचे कार्यक्रम सुरू केले. त्यांतले काही आपल्या पुण्यात तयार होत. मी तेव्हा पंधरा वर्षांचा. आमच्या चाळीत एकाच घरी टी.व्ही. होता आणि त्या काकू दुपारी दार उघडं ठेवायच्या. आम्ही दहा-बारा पोरं उंबऱ्यापासून गॅलरीपर्यंत बसायचो. सगळं इंग्रजीतून. मला त्यातला पाव भाग समजायचा, तोही चित्रं बघून. पण एक गोष्ट पुढे फार वर्षांनी लक्षात आली. पडद्यावरच्या प्राध्यापकाला आम्ही बघत होतो, तो आम्हाला बघत नव्हता. आम्ही चुकलो, जांभई दिली, उठून गोट्या खेळायला गेलो, तरी जगात कोणाला पत्ता नाही. दार कोणाला उघडायचे हा प्रश्नच तिथे नव्हता, कारण विद्यार्थी पडद्यावर नव्हताच.

इंटरनेट आले आणि हे सगळे बदलले. २००४ साली अमेरिकेत सलमान खान नावाचा एक तरुण (आपला नट नव्हे) बॉस्टनमध्ये नोकरी करीत होता. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या नादिया ह्या आपल्या नात्यातल्या बहिणीला तो फोनवरून गणित शिकवू लागला. मग इतर भावंडेही आली. प्रत्येकाची वेळ जुळेना, म्हणून २००६ साली त्याने धडे रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. हे धडे घरच्या चार-पाच मुलांसाठी होते. ते खाजगी ठेवता आले असते, पण खाजगी ठेवण्याचे त्याला काही कारण दिसले नाही, असे त्यानेच पुढे सांगितलेले आहे. दार उघडे राहिले आणि परकी मुले आत आली. त्यातून खान अकॅडमी उभी राहिली.

ही गोष्ट आपल्या सभेत एका मित्राने मोठ्या आवेशाने सांगितली होती, "बघा, उघडं ठेवलं म्हणून झालं!" बरोबर आहे. परंतु मी त्या व्हिडिओंतले काही स्वतः पाहिले. त्यात काय दिसते? काळा फळा, त्यावर रंगीत अक्षरे आणि शिकविणाऱ्याचा आवाज. त्या मुलीचा चेहरा नाही, तिचे घर नाही, तिची चूक नाही. जे उघडे ठेवले ते शिकविणाऱ्याचे होते. मित्राने हा भाग सांगितला नाही. त्याच्या ध्यानातच आला नसावा.

आता कुलपांविषयी थोडे, कारण पुष्कळ पालकांना अजून ह्यात घोटाळा होतो. यूट्यूबवर तीन प्रकार आहेत. पहिला सार्वजनिक, म्हणजे सर्वांना मोकळा. दुसरा खाजगी. हा म्हणजे गिरणीचा गेट. ज्याचे नाव वॉचमनकडे लिहिलेले आहे आणि ज्याच्याकडे पास आहे त्यालाच आत सोडणार. सुरुवातीच्या काळात खाजगी व्हिडिओ जेमतेम पंचवीस जणांना दाखविता येई, आणि त्या प्रत्येकाचे स्वतःचे खाते लागे. पंचवीसात कुठली शाळा चालणार? म्हणून २०१० साली तिसरा प्रकार आला, त्याला अनलिस्टेड म्हणतात. हा शोधून सापडत नाही, पण ज्याच्या हाती लिंक लागली त्याला दिसतो. म्हणजे कुलूप नाहीच, फक्त घराला पाटी लावलेली नाही. ज्याला गल्ली माहीत तो येतो, आणि येताना दुसऱ्याला घेऊन येऊ शकतो. बहुतेक मास्तर लोक हाच प्रकार वापरतात आणि त्याला "प्रायव्हेट लिंक" म्हणतात. आपणही म्हणत होतो. तिथेच चूक झाली.

बरे, ही गल्लीही कायमची नसते. २०२१ च्या जुलैत यूट्यूबने सुरक्षेचे कारण देऊन २०१७ पूर्वीचे असे सर्व अनलिस्टेड व्हिडिओ आपण होऊन खाजगी केले. ज्या मालकांनी वेळेत नको म्हणून कळविले तेवढेच वाचले. जुन्या वहीत लिहून ठेवलेल्या लिंका एका दिवसात मेल्या.

दार बंद होण्याची आणखी एक हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या बर्कले येथील विद्यापीठाने वर्षानुवर्षे आपल्या वर्गांतील व्याख्याने सर्वांसाठी मोकळी ठेवली होती. कर्णबधिर लोकांच्या वतीने तक्रार झाली की ह्या व्हिडिओंवर बोललेले शब्द लिहून दाखविलेले नाहीत, आम्ही शिकायचे कसे? तक्रार रास्त होती. २०१६ साली तिथल्या सरकारच्या न्याय विभागाने ती मान्य केली. तक्रारदारांना दार अधिक रुंद करून हवे होते. विद्यापीठाने खर्चाचा हिशेब केला आणि २०१७ च्या मार्चपासून वीस हजारांहून अधिक व्याख्याने जगापासून काढून फक्त आपल्या लोकांपुरती ठेवली. म्हणजे बहिऱ्यालाही नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. तोवर कोणी कोणी ती उतरवून घेतली होती आणि ती दुसरीकडे फिरू लागली. एकदा बाहेर गेलेली वस्तू कुलूप लावून परत येत नाही.

मग २०२० चा मार्च. शाळा बंद झाल्या. १ जूनला केरळ राज्याने टी.व्ही.वरून वर्ग सुरू केले, आणि लगेच तिथल्या शिक्षिकांची मोबाईलवर टिंगल आणि अर्वाच्य शेरेबाजी झाली. पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. लहान मुलांना गोष्ट सांगणाऱ्या बाईंची ही गत. आपल्याकडे २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' आली. त्याला ना खाते लागत होते ना डेटा. पण दहावीच्या मुलांचे काय? त्यावर्षी सप्टेंबरात झालेल्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. दोन वर्षांपूर्वी हा आकडा ३६.५ होता. म्हणजे वाढला खरा, पण शंभरातली अडतीस मुले बाहेरच. आणि घरात फोन असणे म्हणजे तो मुलाच्या हातात असणे नव्हे. बाप कामाला गेला की फोनही जातो.

आपल्या वस्तीतल्या एका इंजिनियर मुलाने जूनमध्ये मोबाईलवर गणिताचा वर्ग सुरू केला. फुकटात चाळीस मिनिटे मिळायची. ज्यांना त्या वेळेला फोन मिळत नसे त्यांच्यासाठी तो वर्ग रेकॉर्ड करून अनलिस्टेड लिंक ग्रुपवर टाकी. हेतू सोन्यासारखा होता. एके दिवशी एका मुलीला त्याने उदाहरण विचारले. दहा बाय बाराची खोली, मागे दोरीवर कपडे, बाप बनियनवर भिंतीला टेकून बसलेला. मुलीचे उत्तर चुकले, बाप खेकसला आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. अर्ध्या मिनिटाची गोष्ट. ती लिंक ग्रुपमधून बाहेर गेली, कोणीतरी तेवढाच तुकडा कापून स्टेटसला ठेवला. चार दिवसांत नाक्यावरची पोरं तिला बघून ते उदाहरण म्हणू लागली. मुलगी वर्गाला यायची बंद झाली. बापही पुढे दोन वर्षे विहारात आला नाही.

नंतरच्या सभेत एका जुन्या कार्यकर्त्यांनी भगवंतांच्या शिकवणुकीचा दाखला दिला, की तथागतांनी आचार्याची मूठ कधी झाकलेली ठेवली नाही, तेव्हा आपणही काही झाकू नये. सर्वजण गप्प झाले. मुलीची आई मागे बसली होती, ती उठून म्हणाली, "दादा, मूठ मास्तरांनी उघडावी ना. माझ्या पोरीची का उघडली?" ह्याला कोणापाशी उत्तर नव्हते.

तेव्हा घाबरून आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. सर्व व्हिडिओ खाजगी केले, एकेका मुलाचा ई-मेल लिहून घेतला. झालं! धुणीभांडी करणाऱ्या एका बाईचा मुलगा मालकिणीने दिलेल्या जुन्या फोनवर शिकत होता, आणि त्यात खाते मालकिणीचेच. त्याला रोज पडद्यावर एकच वाक्य दिसे, हा व्हिडिओ खाजगी आहे. पंधरा दिवस तो काही बोलला नाही. त्याला वाटले, आपल्यालाच काढून टाकले.

मुलांच्या माहितीबाबत पालकांची संमती घेण्याची तरतूद असलेला कायदा संसदेने २०२३ साली केला. आम्ही त्याच्या तीन वर्षे आधी, चुकतमाकत, असे ठरविले की कॅमेरा फळ्याकडे राहील. फळ्याचा आणि मास्तरांच्या आवाजाचा व्हिडिओ सर्वांना मोकळा, नाव-गाव न विचारता. मुलांच्या प्रश्नोत्तरांचे रेकॉर्डिंगच करायचे नाही. ज्याचा वर्ग बुडाला त्याने शंका फोन करून विचारावी. ह्यात एक तोटा आहे, तो मी लपवत नाही. मुले एकमेकांच्या चुकांतून शिकतात, ते व्हिडिओत येत नाही. तो इंजिनियर मुलगा आजही म्हणतो की धडा अर्धाच राहतो. त्याचे म्हणणे खोटे नाही.

तो मुलगा नोकरीसाठी परगावी गेला तेव्हा खाते त्याच्या नावावर होते. ते विहाराच्या नावावर करून घेतले आहे, आणि पासवर्डची वही कपाटात वंदनेच्या पुस्तकांशेजारी असते. २०२० चे गणिताचे धडे ज्यांना हवे असतील त्यांनी रविवारी वंदनेनंतर मला भेटावे, मी फोनवर लावून देईन. क्रमाने बघताना मध्ये एक धडा नाही असे दिसेल. तो आम्ही पुसला आहे. कोणाच्या जुन्या फोनमध्ये तो अजून असेल तर त्यांनीही पुसावा, ही विनंती.