हापशाचं तांबूस पाणी

आमच्या ढोकी, तेर, तडवळे या गावांकडची जुनी माणसं आडाचं पाणी पारखताना दोनच गोष्टी बघायची: त्यात तूरडाळ शिजते का आणि साबणाला फेस येतो का. तांबूस पाण्याची तक्रार हापशांबरोबर आली. हापसे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे हा इतिहास मी पाइपच्या आतून बघितलाय.

1972च्या दुष्काळात आड आटले आणि काळ्या पाषाणात बोअर पाडण्याला जोर आला. बिडाचे जुने पंप अख्ख्या गावाच्या उपशापुढे टिकत नव्हते. शेजारच्या सोलापुरात सोलापूर वेल सर्व्हिसवाल्यांनी एकाच आसावर दांडा हलणारा पोलादी पंप बनवला होता. त्याच धर्तीवर 1970च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि पुढे आफ्रिकेपर्यंत गेला. हे आपल्या पोरांना शाळेत सांगायला हवं.

या हापशांचे पाइप जस्ताचा मुलामा दिलेले, म्हणजे जीआय. मुलामा गेला की लोखंड उघडं पडतं. हापसा रात्रभर बंद राहिला की पहाटेची पहिली घागर तांबूस, वास गंजाचा. पाइप वर काढून आत बोट फिरवलं की नारिंगी, बुळबुळीत थर हाताला लागतो. नुसता गंज खरखरीत लागतो, बुळबुळीतपणा लोह-जिवाणूंचा. पाण्यात विरघळलेल्या लोहाचा ऑक्सिजनशी संयोग घडवून त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते जगतात. पाण्यात हवा भरपूर असली तर लोह आपोआपच गंजतं, त्यांना काही उरत नाही. हवा मुळीच नसली तरी उपासमार. जेमतेम हवेच्या पाण्यात मात्र ते फोफावतात.

लोह खडकातलं की पाइपातलं, हे ओळखायची रीत सोपी आहे. बराच वेळ हापसत राहायचं. पाणी निवळलं तर दोष पाइपचा, तांबूसच राहिलं तर जमिनीतला. पश्चिम आफ्रिकेत आम्लधर्मी पाण्यानं असे जीआय पाइप पार खाऊन टाकले. आपल्या बेसाल्टमधलं पाणी बहुधा त्याच्या उलट, जड आणि किंचित अल्कधर्मी. ते पाइपाला चुन्याचं पांढरं कवच चढवतं आणि त्या कवचाच्या खाचाखोचांत जिवाणूंना आसरा मिळतो.

अशा पाण्यात टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचाही जोर कमी पडतो. सामू साडेसातच्या वर गेला की क्लोरीनचा जास्त भाग जंतू मारायला दुबळ्या रूपात राहतो. म्हणून बोअरमध्ये औषध सोडण्याआधी पाइप वर काढून आतून ब्रशनं घासायचे, असं मी नव्या पोरांना सांगतो. थर तसाच राहिला, तर क्लोरीन वरवरच खपतं आणि आतले जिवाणू पुन्हा वाढतात.