हौशी खगोल संस्था (मुंबई उपनगरे)

खगोलशास्त्र हा ज्यांचा व्यवसाय नाही, अशा आकाशप्रेमींनी एकत्र येऊन चालवलेल्या संस्था. आकाशदर्शन, व्याख्याने, दुर्बीण हाताळण्याचे शिक्षण आणि निरीक्षणांच्या नोंदी हे त्यांचे मुख्य काम. रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता, उल्कांची संख्या, पिधानांच्या वेळा अशा चिकाटीच्या नोंदींसाठी व्यावसायिक शास्त्रज्ञही हौशी निरीक्षकांवर विसंबतात.

इतिहास : महाराष्ट्रातील या चळवळीचे मूळ पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत (स्थापना १९४४) आहे. मुंबईत १९७७ साली वरळीचे नेहरू तारांगण सुरू झाले. हॅलेचा धूमकेतू ९ फेब्रुवारी १९८६ रोजी सूर्याजवळून गेला. त्याच्या आगमनाच्या काळात, १९८५ साली, खगोल मंडळ स्थापन झाले. नोकरदार आणि विद्यार्थी या कार्यकर्त्यांच्या बळावर ते चालते. ग्रहणकाळातील भीती व गैरसमज दूर करणे हेही अशा संस्थांनी आपले काम मानले.

जोगेश्वरी व उपनगरे : जोगेश्वरीचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो आणि बहुधा इमारतींआड जातो. दिव्यांच्या झगमगाटात मृग, व्याध, रोहिणी ओळखता येतात. कृत्तिका मात्र धूसर ठिपका वाटते. म्हणून अंधारे आकाश गाठावे लागते. दादरला गाडी बदलून मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील वांगणीला जायचे. तेथे खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन होत आले आहे. अंधाराला डोळे सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. ती सवय मोडू नये म्हणून टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावतात. मग कृत्तिकेतले सहा तारे सुटे मोजता येतात आणि देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी सापडते. पावसाळ्यात निरीक्षण थांबते, व्याख्याने व अभ्यासवर्ग चालू राहतात.

शून्य सावली : उपनगरात राहूनच करता येण्याजोगे हे निरीक्षण. मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस सूर्य मुंबईच्या डोक्यावर येतो. दुपारी साडेबारानंतर काही मिनिटांनी सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. जुलैचा दिवस बहुधा ढगांत जातो, त्यामुळे शाळा-सोसायट्यांच्या गच्चीवर मेमधलाच प्रयोग जमतो. त्याला दुर्बीण लागत नाही, काठी मात्र ओळंब्याने सरळ लावावी लागते.