अर्धसूत्री विभाजन : एका तर्काचा इतिहास

इ. स. १८८३ मध्ये बेल्जियन शास्त्रज्ञ एदुआर व्हान बेनेडेन यांनी घोड्याच्या आतड्यातील जंतात असे दाखविले की, फलित अंड्यातील चार गुणसूत्रांपैकी दोन मातेकडून व दोन पित्याकडून येतात. दृष्टी अधू झाल्याने सूक्ष्मदर्शकापासून दुरावलेल्या ऑगस्ट वाइजमान यांनी १८८७ मध्ये या निरीक्षणापुढील पाऊल केवळ तर्काने टाकले. युग्मके तयार होताना गुणसूत्रे निम्मी झाली नाहीत, तर प्रत्येक पिढीत ती दुप्पट होतील. चाराची दहा पिढ्यांत ४०९६ होतील. म्हणून संख्या घटविणारे विभाजन असलेच पाहिजे. ऑस्कर हेर्टविग यांच्या १८९० मधील निरीक्षणांनी त्यास बळ दिले. 'मायॉसिस' हे नाव मात्र १९०५ चे.

तथापि संख्या राखणे एवढेच या विभाजनाचे कार्य मानणे अपुरे ठरते.  प्रत्येक जोडीतील कोणते गुणसूत्र कोणत्या युग्मकात जाईल, हे इतर जोड्यांवर अवलंबून नसते, असे वॉल्टर सटन यांनी १९०३ मध्ये मांडले. मानवातील २३ जोड्यांमुळे एकाच व्यक्तीची युग्मके ८३,८८,६०८ प्रकारची संभवतात, आणि यात जोडीतील गुणसूत्रखंडांची अदलाबदल धरलेली नाही. सटन यांच्या मांडणीला प्रत्यक्ष पुरावा १९१३ मध्ये एलिनॉर कॅरोथर्स यांनी नाकतोड्यांच्या पेशींतून दिला.