मुंबईत आलेले प्रबोधन वेशीबाहेर का गेले नाही?

‘युरोपातील प्रबोधन’ हा धडा आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला आहे. गुटेनबर्गचा छापखाना, कोलंबसचा प्रवास, ल्यूथरची धर्मसुधारणा, कोपर्निकसचा सूर्य. कारणे लिहा, परिणाम लिहा, पाच गुण मिळवा. पुढच्या धड्यात आपल्याला सांगितले जाते की हे वारे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांबरोबर इकडे आले आणि गिरगावातल्या चार सुशिक्षितांनी समाजसुधारणा घडवली.

या मांडणीला आमचा आक्षेप आहे. नव्या युरोपची माणसे मुंबईच्या बेटावर इंग्रजांच्या शंभर वर्षे आधीच येऊन राहिली होती. त्यांनी आपल्या पूर्वजांना पाहिले, त्यांच्याबद्दल लिहिले, ते छापलेही. आणि तरीही आपल्या पूर्वजांच्या आयुष्यात तसूभर फरक पडला नाही. असे का झाले, हा प्रश्न पाठ्यपुस्तक विचारत नाही. म्हणून तो आपल्याला विचारावा लागतो.

आधी तारखा पाहू. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. १५३४ मध्ये वसईच्या तहाने मुंबईची बेटे गुजरातच्या सुलतानाकडून त्यांच्या हाती आली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणारा कोपर्निकसचा ग्रंथ निघाला १५४३ मध्ये. त्याच वर्षी वेसालियसने स्वतःच्या हाताने प्रेते चिरून मानवी शरीराचा ग्रंथ काढला आणि हजार-दीड हजार वर्षे प्रमाण मानलेल्या गॅलेनच्या चुका दाखवल्या. म्हणजे युरोपात हे घडत होते तेव्हा त्याच युरोपचे अधिकारी आपल्या बेटांवर शेतसारा गोळा करत होते. दादरला गोखले रोडवर ज्याला आपण नुसते ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतो, त्याची स्थापना १५९६ ची आहे. इमारत नवी आहे, पण नावात तो काळ शिल्लक आहे.

या काळातला एक माणूस आपण नीट ओळखायला हवा. गार्सिया द ओर्ता. पोर्तुगालचा वैद्य, १५३४ मध्ये गोव्यात आला. सोळाव्या शतकाच्या मध्याला मुंबईचे बेटच त्याला भाडेपट्ट्याने मिळाले. आजच्या टाऊन हॉलच्या मागे त्याचा वाडा होता असे मानले जाते. १५६३ मध्ये गोव्याच्या छापखान्यात त्याचा ग्रंथ छापला गेला. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती, मसाले, फळे, रोग यांवरचे ते संवाद आहेत. त्यात मुंबईच्या बेटावरून आलेल्या आंब्यांचाही उल्लेख आहे. चारच वर्षांत, १५६७ मध्ये, त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला प्रसिद्ध झाला.

ओर्ताचे मोठेपण त्याच्या पद्धतीत आहे. जुन्या ग्रीक आचार्यांनी काय लिहिले यापेक्षा आपण डोळ्यांनी काय पाहिले, याला तो जास्त मान देतो. ग्रंथप्रामाण्य नाकारणे यालाच म्हणतात, आणि तेही मुंबई-गोव्यात बसून.

आता महत्त्वाचे. याच ग्रंथात त्याने वसईच्या मुलखातल्या जातींची नोंद केली आहे. शेती करणारे, बागा करणारे अशी माणसे सांगून झाल्यावर तो ‘फराज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांबद्दल लिहितो. सगळे त्यांचा तिरस्कार करतात, ते कोणाला शिवत नाहीत, मेलेले जनावरही खातात, गाव त्यांना न शिवता उष्टे देते, घरे आणि रस्ते झाडणे हे त्यांचे काम. नाव काहीही असो, हे कोणाचे वर्णन आहे ते आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

झाडाच्या सालीबद्दल गॅलेनशी भांडणारा हा माणूस या ठिकाणी भांडत नाही. हे असे का, हा प्रश्न तो विचारत नाही. वनस्पती पाहावी तशी त्याने माणसे पाहिली, नोंदवली आणि पान उलटले.

यातला सल आणखी खोल आहे. ओर्ता स्वतः सक्तीने बाटवलेल्या यहुदी घराण्यातला होता. पोर्तुगाल-स्पेनमध्ये तेव्हा ‘शुद्ध रक्ता’ची चौकशी होत असे आणि बाटलेल्या यहुद्यांचे रक्त अशुद्ध मानले जाई. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. ओर्ता १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये खुद्द त्याची हाडे कबरीतून उकरून जाळली गेली. शुद्ध-अशुद्धाच्या आगीत ज्याचे घर जळत होते, त्यालाही आपल्याच बेटाजवळच्या अस्पृश्याशी आपले नाते दिसले नाही.

मग कारण काय? कारण सरळ आहे. जहाजे आली ती मिरीसाठी आणि महसुलासाठी. गाव जसे चालले होते तसे चालण्यात नव्या जमीनदाराचा फायदा होता. चर्चने माणसे बाटवली, पण त्यांच्या जाती बाटवल्या नाहीत. गोव्यात आणि वसईत धर्म बदललेल्या कुटुंबांबरोबर जातही चर्चमध्ये जाऊन बसली. छापखाना गोव्यात १५५६ मध्येच आला होता. १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन अक्षरांत छापले गेले. पण ज्याला अक्षरच शिवू दिले जात नव्हते, त्याच्यासाठी छापखाना असून नसून सारखाच. नवे ज्ञान वेशीपर्यंत आले आणि वेशीवर थांबले.

याच्या उलट युरोपात काय झाले? १५१७ मध्ये ल्यूथरने विटेनबर्गला पापमुक्तीच्या पावत्या विकणाऱ्या चर्चविरुद्ध पंच्याण्णव मुद्दे मांडले. १५२० च्या डिसेंबरात त्याने पोपचे फर्मान आणि चर्चच्या कायद्याचे ग्रंथ उघड्यावर जाळले. १५२२ मध्ये बायबलचा नवा करार जर्मन भाषेत आणला. धर्मग्रंथ कोणी वाचायचा, त्याचा अर्थ कोणी लावायचा, हा अधिकाराचा प्रश्न त्याने चव्हाट्यावर आणला. म्हणून ती सुधारणा रस्त्यावर पोहोचली.

न्यायमूर्ती रानडे यांनी ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ (१९००) मध्ये महाराष्ट्रातल्या संतांच्या चळवळीची तुलना युरोपच्या या धर्मसुधारणेशी केली. आजही व्यासपीठावरून हे वाक्य ऐकू येते. बाबासाहेबांनी गांधीजींना दिलेल्या उत्तरात या समजुतीच्या मुळावरच बोट ठेवले. संतांनी माणूस आणि देव यांच्यातल्या नात्याची गोष्ट केली, माणूस आणि माणूस यांच्यातल्या समतेसाठी लढा उभारला नाही, असे त्यांचे म्हणणे. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या आत नाही, बाहेर पायरीशी आहे. तुलना करणाऱ्यांनी एवढे पाहिले तरी पुरे.

मुंबईच्या सुशिक्षितांचे काय? १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. सभासद ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात आणि जात मानत नसल्याचे सांगत. पण दार लावून, गुप्तपणे. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि सभा मोडली. तिच्यातूनच पुढे १८६७ मध्ये गिरगावातली प्रार्थना समाज ही संस्था उभी राहिली. या माणसांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला शंका नाही. पण यादी बाहेर आल्यावर जी सुधारणा मोडते, तिला धर्मसुधारणा म्हणायचे का?

चोरून खाल्लेला पाव आणि उघड्यावर प्यालेले पाणी, यात फरक आहे. तो फरक म्हणजे महाड.

जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढून भटाशिवाय लग्ने लावली, तिथे आपल्या धर्मसुधारणेची पहिली ठिणगी पडली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती गिरणगावात आणली. आणि मग परळच्या पोयबावडीची चाळ. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला, त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. छापखाना तेव्हाही वेशीच्या आतच होता, तो बाहेर खेचून आणावा लागला. १९२४ मध्ये दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची पायाभरणी झाली. २० मार्च १९२७ ला चवदार तळे, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. विटेनबर्गच्या आगीनंतर चारशे सात वर्षांनी.

ही तुलना आम्ही ओढूनताणून करत नाही. मे १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ स्वतःच्या खर्चाने छापले, कारण लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने निमंत्रण देऊन अधिवेशनच रद्द केले होते. त्यात ते ल्यूथरचे उदाहरण देऊन सांगतात की युरोपात राजकीय मुक्तीच्या आधी धार्मिक क्रांती व्हावी लागली. आणि त्याच महिन्यात, ३१ मे रोजी, दादरच्या नायगावात ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण झाले. इंग्रजी पुस्तकातला सिद्धांत गिरणीकामगारांसमोर मराठीत, त्यांच्या रोजच्या अपमानाच्या भाषेत मांडला गेला. वीस वर्षांनी, १९५६ मध्ये, नागपूरला त्याचे उत्तर पूर्ण झाले.

पण युरोपची पूजा आपल्याला करायची नाही. १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी त्याच बायबलच्या आधारे वेठबिगारीतून सुटका मागितली, तेव्हा ल्यूथर राजांच्या बाजूने उभा राहिला आणि शेतकरी हजारोंनी कापले गेले. कोलंबसच्या मार्गाने गेलेल्या जहाजांत पुढे आफ्रिकेतली गुलाम माणसे कोंबली गेली. म्हणूनच बाबासाहेब ल्यूथरपाशी थांबले नाहीत, बुद्धापर्यंत गेले.

तेव्हा कोणी ‘प्रबोधन’ म्हटले की आपण एकच माप लावायचे. शोध किती लागले, ग्रंथ किती छापले हे नंतर. जो सर्वांत शेवटी उभा आहे, त्याच्या हाती त्यातले काय आले, हे आधी. ओर्ताचा ग्रंथ या मापात नापास होतो, परमहंस सभा नापास होते, महाड पास होते.

हे माप आपल्यालाही लागू आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर हजारो हात पुस्तके विकत घेतात. गावाहून अनवाणी आलेली बाई नातवासाठी पुस्तक घेऊन जाते. हा आपला छापखाना, हीच आपली धर्मसुधारणा. पण ते पुस्तक घरी नेऊन फोटोशेजारी हार घालून ठेवले तर आपणही ग्रंथप्रामाण्याकडेच परत गेलो. आपल्या वस्तीतल्या बाईला, आपल्यापेक्षा खाली ढकललेल्या जातीला, सफाईच्या कंत्राटी कामगाराला त्या पुस्तकातले काय मिळाले? चैत्यभूमीवर येणाऱ्या प्रत्येक तरुणाने हा हिशेब स्वतःपासून सुरू करावा.

जय भीम.