टीएमसी आणि दलघमी

टीएमसी : धरणातील पाणीसाठ्याचे घनफळ सांगणारे फूट-पद्धतीतील एकक. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, पण पाणीवाटपाच्या व्यवहारात हे एकक कायम राहिले. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत लवाद) महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी दिले, तेही याच मापात. मेट्रिक पद्धतीत साठा दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये सांगतात.

रूपांतर : एक फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर. त्याचा घन केल्यास एक घनफूट = २८.३१७ लिटर. त्यावरून १ टीएमसी = २८.३१७ दलघमी = २,८३१.७ कोटी लिटर. दलघमीला २८.३१७ ने भागले की टीएमसी मिळतात : जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दलघमी, म्हणजे सुमारे १०२.७ टीएमसी. मुंबईच्या सात तलावांची नोंद दशलक्ष लिटरमध्ये होते. तेथील १४,४७,३६३ हा आकडा आधी हजाराने भागून दलघमीत आणावा. उत्तर सुमारे ५१ टीएमसी येते.

घनफळात पूर्णांकन महागात पडते. फूट ०.३ मीटर धरला तर लांबीत चूक दीड टक्क्याची, घनफळात मात्र साडेचार टक्क्यांहून अधिक. कोयनेच्या १०५.२५ टीएमसी साठ्यात ती जवळजवळ ५ टीएमसी होते, म्हणजे एकट्या खडकवासला धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या (१.९७ टीएमसी) दुपटीहून जास्त.

क्युसेक हे साठ्याचे नव्हे, विसर्गाचे माप : सेकंदाला एक घनफूट. पुराच्या दिवसांत बातम्यांत या दोहोंची गल्लत होते आणि नदीकाठच्या माणसाला नेमके काय येते आहे ते कळत नाही. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग चोवीस तास चालला, तर एक टीएमसी पाणी खाली जाते.

आकडा एकूण साठ्याचा की उपयुक्त साठ्याचा, हेही सोबत द्यायलाच हवे. उजनीत एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यात मृतसाठाच ६३.६५. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, म्हणून ‘शून्य टक्के’ असताना धरणात निम्म्याहून अधिक पाणी असते, आणि उन्हाळ्यात त्यातून उपसा सुरू झाला की टक्केवारी उणे होते.