मेजाभोवतीचे भूमिकाखेळ : सूत्रधार, पात्रे आणि फासे

‘टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम’, म्हणजेच मेजाभोवती बसून खेळायचा भूमिकाखेळ, हा पत्ते, बुद्धिबळ किंवा ‘व्यापार’ यांच्या पंक्तीत सहजी बसत नाही. त्यात एक जिंकला आणि बाकीचे हरले असे होत नाही. पट असेलच असे नाही, आणि डाव एका संध्याकाळी संपेलच असेही नाही. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, ते पात्र काय करणार हे तोंडाने सांगतो आणि त्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निकाल लावला जातो. भोवतालचे जग, त्यातील इतर माणसे आणि संकटे यांची बाजू एकच व्यक्ती सांभाळते. इंग्रजीत तिला ‘गेम मास्टर’ म्हणतात. आपल्या नाट्यपरंपरेतील ‘सूत्रधार’ हा शब्द तिला चपखल बसतो.

भातुकलीत किंवा लुटुपुटीच्या लढाईत मुले जे करतात त्याचेच हे प्रौढ रूप होय. लुटुपुटीच्या लढाईत ‘तू मेलास’ आणि ‘नाही, मी वाचलो’ हा वाद कधी मिटत नाही. भूमिकाखेळात तो मिटवण्यासाठी नियम, फासे आणि सूत्रधार असतात. मात्र यातील नियम व फासे विकत मिळतात. सूत्रधाराची न्यायबुद्धी आणि खेळणाऱ्यांचा त्याच्यावरचा विश्वास मिळत नाही. घरच्या मंडळींत किंवा जुन्या मित्रांत हा खेळ मांडताना ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते, कारण डाव आवरला तरी नाती मागे राहतात.

युद्धखेळापासून भूमिकेकडे

या खेळाचे मूळ युद्धाच्या सरावात आहे. भारतातील चतुरंगापासून विकसित होत युरोपात पोहोचलेल्या बुद्धिबळाचा आधार घेऊन जर्मनीतील ब्रन्सविक येथील योहान हेलविग यांनी १७८० मध्ये सैनिकी डावपेचांचा खेळ तयार केला. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी राइसविट्झ यांनी आपल्या वडिलांच्या खेळात सुधारणा करून नकाशा, फासे आणि निःपक्षपाती पंच असलेला ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ मांडला. पुढे १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्नुआ यांनी किचकट कोष्टकांऐवजी अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर द्यावा असा आग्रह धरला. आजच्या सूत्रधाराचा हा पूर्वज म्हणता येईल. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने खेळण्यातल्या शिपायांची लढाई दिवाणखान्यात आणली.

खरी कलाटणी अमेरिकेत मिळाली. मिनेसोटा राज्यातील डेव्हिड वेसली यांनी १९६९ मध्ये ‘ब्राउनश्टाइन’ या नावाचा डाव मांडताना खेळाडूंना सैन्याच्या तुकड्यांऐवजी एका गावातील वेगवेगळ्या व्यक्तींच्या भूमिका दिल्या. त्यांच्याच वर्तुळातील डेव्ह आर्नेसन यांनी त्यातून ‘ब्लॅकमूर’ हे काल्पनिक जग उभे केले. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावात राहणारे गॅरी गायगॅक्स १९७१ मध्ये मध्ययुगीन लढायांच्या ‘चेनमेल’ या खेळाचे सहलेखक झाले होते. १९७२ मध्ये आर्नेसन यांनी गायगॅक्स यांना ‘ब्लॅकमूर’चा डाव दाखवला आणि दोघांनी मिळून नियम लिहिण्यास सुरुवात केली.

गायगॅक्स यांनी ‘ग्रेहॉक’ नावाच्या किल्ल्याखाली भुयारांचे जाळे रचले. त्या भुयारांत प्रथम उतरलेले खेळाडू कोणी सेनानी नव्हते, तर त्यांचीच मुले अर्नी आणि एलिस ही होती. जगातील सर्वांत प्रसिद्ध भूमिकाखेळाची पहिली चाचणी अशी घरातच झाली. जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर आणि पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची. प्रकाशनासाठी गायगॅक्स व त्यांचे मित्र डॉन के यांनी १९७३ मध्ये ‘टीएसआर’ ही संस्था काढली होती. त्यानंतर अंतराळावरील ‘ट्रॅव्हलर’ (१९७७), भयकथांवरील ‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१), जर्मनीतील ‘दास श्वार्त्स आउगे’ (१९८४) असे अनेक खेळ आले आणि राक्षस व खजिना यांच्या पलीकडचे विषयही मेजावर आले.

डाव चालतो कसा

समजा, आई सूत्रधार आहे. दहा वर्षांची मुलगी आणि तिचे आजोबा खेळाडू आहेत.

“दरीवर जुना लाकडी पूल आहे. मधल्या तीन फळ्या गळून पडल्या आहेत,” आई सांगते.

“मी कमरेला दोरी बांधते आणि दुसरे टोक आजोबांच्या सरदाराकडे देते,” मुलगी म्हणते.

“बाबा, तुमचा सरदार काय करतो?”

“पाय रोवून दोरी घट्ट धरतो.”

पूल ओलांडण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा त्याहून अधिक हवेत, असे आई ठरवते. मुलीचे पात्र चपळ असल्याने तिच्या दानात ३ मिळवले जातात. म्हणजे ९ किंवा त्याहून मोठे दान पडले तरी चालेल. ही शक्यता ६० टक्के होय. परंतु दोरीची युक्ती चांगली आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील नियमानुसार अशा वेळी फासा दोनदा टाकून मोठे दान धरता येते. त्यामुळे यशाची शक्यता ८४ टक्क्यांवर जाते. खेळाडूने विचार केला, सोबत्याने साथ दिली आणि त्याचे मोल आकड्यांत मिळाले. या खेळाची गोडी यात आहे.

प्रत्येक खेळाचे गणित निराळे असते. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाने नेहमीचे सहा बाजूंचे दोन फासे वापरले. दानांची बेरीज १० किंवा अधिक आली तर पूर्ण यश, ७ ते ९ आली तर यश पण काही किंमत मोजून, ६ किंवा कमी आली तर सूत्रधार नवे संकट उभे करणार. कसलीही भर न घालता दान टाकल्यास ३६ पैकी ६ वेळा पूर्ण यश, १५ वेळा अर्धे यश आणि १५ वेळा संकट येते. पूल ओलांडला पण कंदील दरीत पडला, अशा अर्ध्या यशातून कथा पुढे सरकते आणि लहान खेळाडूचा हिरमोडही होत नाही.

बंद दाराआडची भीती

या खेळाने एकेकाळी अमेरिकेतील पालकांची झोप उडवली होती. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील १६ वर्षांचा विद्यार्थी बेपत्ता झाला. विद्यापीठाखालच्या वाफेच्या भुयारांत हा खेळ खेळताना तो हरवला असावा, असा तर्क शोध घेणाऱ्या खासगी गुप्तहेराने मांडला आणि वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. मुलगा पुढे जिवंत सापडला. त्याच्या नैराश्याची कारणे वेगळी होती. तरी संशय राहिलाच. १९८२ मध्ये याच विषयावरील ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ हा दूरचित्रवाणीपट आला. त्यात तरुण टॉम हँक्स प्रमुख भूमिकेत होते. त्याच वर्षी मुलाच्या आत्महत्येने हादरलेल्या पॅट्रिशिया पुलिंग यांनी या खेळाला दोषी धरले आणि १९८३ मध्ये त्याविरोधात संघटना स्थापन केली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून प्रकाशकांनी ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच वगळले.

पुढील अभ्यासांत हा खेळ आणि आत्महत्या यांच्यात कार्यकारणसंबंध आढळला नाही. तरीही त्या प्रकरणातून घेण्यासारखा एक बोध आहे. बंद दाराआडून ‘मी त्याला ठार केले’ असे शब्द ऐकणाऱ्या पालकाला भीती वाटणे स्वाभाविक असते. मेजावर शेजारी बसलेल्याला मात्र मुले हिशेब मांडताना, वाटाघाटी करताना आणि हसताना दिसतात. मूल एखाद्या पात्रात गुंतले असेल तर त्याच्याशी त्या पात्राविषयी बोलता येते. दुःख खेळापलीकडचे असेल, तर तेही अशा बोलण्यातून कळण्याची शक्यता अधिक.

घरी खेळ मांडताना

सूत्रधाराशिवाय तीन ते पाच खेळाडू ही सोयीची संख्या होय. प्रौढांसाठी दोन ते तीन तासांची बैठक योग्य. लहान मुलांसाठी पाऊण ते एक तास पुरे. पहिल्याच दिवशी नियमपुस्तक वाचून दाखवू नये. तयार पात्रांचे कागद हाती द्यावेत आणि नियम गरज पडेल तसे सांगावेत.

खेळापूर्वी एक बैठक केवळ बोलण्यासाठी ठेवण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. कथा हसरी हवी की भीतीदायक, पात्र मरू शकते की नाही, कोणते विषय खेळात येऊच नयेत आणि कोणते आले तरी पडद्याआड राहावेत, हे तेथे ठरते. घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला असेल तर कथेतील आजारपणही बोचू शकते. त्यासाठी जॉन स्टाव्हरोपोलस यांनी सुचवलेला उपाय अनेक ठिकाणी वापरला जातो : फुलीचे चिन्ह असलेले कार्ड मेजावर ठेवायचे, कोणीही त्याला स्पर्श केला की तो प्रसंग तेथेच सोडून द्यायचा, कारण विचारायचे नाही.

सूत्रधाराची सर्वांत मोठी चूक म्हणजे स्वतःला खेळाडूंचा प्रतिस्पर्धी समजणे. राक्षस त्याच्या हाती असतात, तसेच पाऊस, कुलपे आणि दैवही. मनात आणले तर तो कोणालाही क्षणात हरवू शकेल, म्हणूनच त्यात पुरुषार्थ नाही. याच्या उलट चूक म्हणजे कथा आधीच लिहून ठेवून खेळाडूंना तिच्यामागे ओढत नेणे. सूत्रधाराने प्रसंग तयार करावा, शेवट नव्हे. रहस्य उलगडण्यासाठी एकच खूण ठेवली आणि ती खेळाडूंच्या नजरेतून सुटली तर डाव अडतो. प्रत्येक निष्कर्षासाठी निदान तीन खुणा ठेवाव्यात. नियमावरून वाद झाल्यास सूत्रधाराने तात्पुरता निर्णय देऊन डाव पुढे न्यावा आणि पुस्तक नंतर उघडावे.

पालक सूत्रधार असतील तर कसोटी आणखी कठीण. घरात ज्यांचा शब्द अखेरचा, त्यांनीच येथे मुलाच्या अनपेक्षित निर्णयाला वाट करून द्यायची असते. राक्षसाशी लढण्याऐवजी त्याला जेवायला बोलावण्याचे मुलाने ठरवले, तर ‘असे करता येत नाही’ म्हणण्यापेक्षा राक्षसाला भूक आहे का, हे फाशांना विचारणे बरे. मोठे भावंड धाकट्याच्या वतीने बोलू लागले की धाकट्याकडे थेट वळून ‘तुझे पात्र काय करते?’ असे विचारावे. आपल्याच मुलाच्या बाजूने दान फिरवण्याचा मोहही टाळावा. शेजारची मुले ते लगेच ओळखतात आणि फाशांवरचा विश्वास गेला की खेळात काही उरत नाही.

मित्रमंडळींत अडचण वेगळी असते. तेथे डाव बहुधा मोडतो तो सवडीअभावी. दर वेळी सर्वांच्या सोयीची तारीख शोधण्यापेक्षा पंधरवड्यातील एक वार ठरवावा आणि एखादा अनुपस्थित असला तरी बैठक घ्यावी. मागील बैठकीत काय घडले हे सूत्रधाराऐवजी एखाद्या खेळाडूने सांगावे. कोणाला काय भावले, हेही त्यातून कळते.

आजचे चित्र

‘टीएसआर’ १९९७ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने आणि ती कंपनी १९९९ मध्ये ‘हॅस्ब्रो’ने विकत घेतली. गायगॅक्स यांचे २००८ मध्ये आणि आर्नेसन यांचे २००९ मध्ये निधन झाले. २०२० च्या टाळेबंदीत अनेक मंडळींनी आपले डाव संगणकाच्या पडद्यावर हलवले. जानेवारी २०२३ मध्ये परवान्याच्या अटी बदलण्याच्या प्रयत्नाला खेळाडूंनी मोठा विरोध केला. परिणामी पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम कंपनीने मुक्त परवान्याखाली खुले केले. खेळाची सुधारित पुस्तके २०२४ पासून प्रसिद्ध झाली आहेत.

त्यामुळे सुरुवात करण्यास फारसा खर्च नाही. खुले नियम, कागद, पेन्सिल आणि घरातले साधे फासे यांवर पहिले काही डाव निभावतात. काही महिन्यांनी सूत्रधाराची जागा दुसऱ्याला, शक्य तर घरातील मुलालाच द्यावी. ज्याने न्याय मिळवला आहे त्याला तो देण्याची संधी मिळते, आणि आई-वडिलांनाही कधी नव्हे ते विचारावे लागते : पुलापलीकडे काय आहे?